न झालेल्या शर्यतीतला पहिला

सयाजीनं जेट बदललेल्या गाडीनं दसऱ्याच्या दिवशी हेब्बाळच्या पलीकडच्या मैदानावर शर्यत जिंकली. दुसरी आलेली गाडी सव्वीस सेकंद मागं होती, आणि पहिली आलेली गाडी शेवटच्या फेरीत एका कुत्र्याला वाट देण्यासाठी थांबलीही होती.

आता हे वाचलेलं विसरून जावं. असं काही झालं नाही. शर्यत झाली नाही, गाडी आली नाही, आणि कुत्रा आला असेल तर तो त्याच्या खासगी कामानं. मैदानाच्या कडेला जी दोन हजार माणसं उभी होती ती सुट्टीची हवा खायला आली होती. हे कुणाच्या मनातलं नाही. गोल, जांभळ्या शिक्क्याचा कागद तसं म्हणतो, आणि गोल शिक्क्याशी वाद घालायला माणसाजवळ निदान चौकोनी तरी शिक्का असावा लागतो. सयाजीजवळ तोही नव्हता.

तर जे झालं नाही, ते असं झालं.

सयाजी राव याचं गॅरेज बंगळुरात, यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागच्या गल्लीत होतं. आडनाव खरं मोहिते. पण तीनशे वर्षांपूर्वी कुणी एक मोहिते घोड्यावर बसून इकडं आला, परतीचा रस्ता विचारायला लाजला, आणि तेव्हापासून घरात मराठी, दारात कन्नड आणि शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘राव’ असं चाललं होतं. सयाजीचं वय सत्तावीस. घरात थोरली बहीण रत्नाबाई, जिला अख्खी गल्ली अक्का म्हणायची. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं, आणि तो वाढून झाला आहे ही बातमी सत्त्याण्णव साल उजाडलं तरी तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

सयाजीला कार्बोरेटर कळायचा. म्हणजे वैद्याला नाडी कळते तसा. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की हा आत बसून सांगायचा, हवा जास्त आहे, पेट्रोल कमी आहे आणि मालक बोलघेवडा आहे. तिन्ही खरी निघायची. पण त्याच्याजवळ कागद नव्हता. आयटीआयच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी त्याला एक कार्बोरेटर खोलून पुन्हा जोडायला सांगितला होता. यानं खोलला आणि विचारलं, की सर, हा मुळातच चुकीचा जोडलेला होता, तर आता पुन्हा तसाच चुकीचा जोडू की बरोबर? तो परीक्षकांनी स्वतः जोडला होता. सयाजी नापास झाला. त्या दिवशीचा राग त्याला आठ वर्षं पुरला, रोज थोडा थोडा काढून वापरला तरी.

यशोवर्धन हा पुण्याहून आलेला संगणकवाला. हेब्बाळच्या तळ्यापलीकडं त्यानं जमीन घेतली होती आणि तिथं तो शनिवार-रविवार शेतकरी असायचा. एक दिवस त्यानं टेम्पोतून एक यंत्र गॅरेजसमोर उतरवलं. चार फुगलेली चाकं, वर मोटारसायकलचं हँडल, आणि मधे घोड्यावर बसतात तसं पाय फाकून बसायची गादी. परदेशात कुणीतरी वापरून टाकलेली, जहाजातून आलेली. यशोवर्धन तिला एटीव्ही म्हणायचा. गल्लीनं अर्ध्या तासात एकमतानं तिचं नाव ‘ट्रॅक्टरचं पिल्लू’ ठेवलं.

“फुल थ्रॉटलला दम तोडते यार ही,” यशोवर्धन म्हणाला. “आधी काळा धूर टाकायची. मग मी ॲक्च्युअली एअरबॉक्सचं झाकण काढलं, सायलेन्सरपण फ्री-फ्लो लावला. तर आता धूर नाही, पण पॉवरपण नाही. फटाके वाजवते नुसती.”

सयाजीनं प्लग काढून पाहिला. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. वैद्यानं बघावी आणि ओळखावं. जीभ काळी तर पेट्रोल जास्त. पांढरी तर हवा जास्त, इंजिन उपाशी आहे आणि तापून एक दिवस जीव सोडणार. बिस्किटाच्या रंगाची असेल तर सगळं क्षेम. हा प्लग चुन्यासारखा पांढरा होता. गाडी आली समुद्रकाठच्या गार देशातून, जिथली हवा दाट. बंगळूर तीन हजार फुटांवर, इथली हवा विरळ, म्हणून आधी पेट्रोल जास्त होत होतं. त्यावर यशोवर्धननं हवेला पुढची-मागची दारं सताड उघडून दिली, आणि पेट्रोलला विचारलंसुद्धा नाही. गाडी आगीतून निघून फुफाट्यात.

उपाय एकच होता, जेट बदलणं. जेट म्हणजे पितळेचा एक तुकडा, वाटाण्याएवढा, आणि त्याच्या पोटात आरपार भोक. त्या भोकातून येईल तेवढंच पेट्रोल इंजिनाला. बाकीची दोनशे किलोची गाडी म्हणजे त्या भोकाभोवती केलेली सजावट. सयाजी जे. सी. रोडवर सुट्या भागांची पाच दुकानं फिरला. त्या मापाचा जेट कुणाकडं नव्हता. चौघांनी स्कूटरचे दाखवले. पाचव्यानं शेगडीचा दाखवला आणि म्हणाला, “स्वल्प ॲडजस्ट माडी.” थोडं जमवून घ्या, या शहरात वीज गेल्यावर, बस न आल्यावर आणि ठरलेलं लग्न मोडल्यावर हेच म्हणतात.

तेव्हा सयाजीनं आपल्या पद्धतीनं जमवलं. शेजारी टेलिफोनच्या कारखान्यात सर्किटच्या पाट्यांना भोकं पाडणारा एक जण राहायचा. त्याच्याकडून बोथट झाली म्हणून टाकलेली बारीक ड्रिलं आणली. जुन्या जेटाचं भोक झाळून बंद केलं आणि ड्रिल बोटांत फिरवत, श्वास रोखून, नवं भोक पाडलं. एका भोकाला पाऊण तास. पहिलं केसभर मोठं झालं. परत झाळलं. दुसरं वाकडं. चौथं बरोबर आलं. मग कार्बोरेटरात पेट्रोल अडवणाऱ्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे गाडी मधल्या वेगातही उपाशी राहू नये. राहिला छोटा जेट, ज्यावर गाडी सावकाश चालते. त्याच्या भोकात जाईल असं हत्यार साऱ्या गॅरेजात नव्हतं. ते रत्नाबाईच्या रॉकेलच्या स्टोव्हशेजारी, काड्यापेटीत होतं. स्टोव्हची पिन.

पिन देताना तिनं सगळा प्रकार समजून घेतला. ज्योत पिवळी म्हणजे हवा कमी आणि भांडं काळं, ज्योत फरफरली म्हणजे हवा जास्त आणि भात कच्चा, एवढंच ना, असं तिनं विचारलं. एवढंच, सयाजी म्हणाला.

“मग हे मी पंचवीस वर्षं करतेय,” रत्नाबाई म्हणाली. “मला कुणी मेकॅनिक म्हणालं नाही.”

सयाजीलाही कुणी म्हणत नव्हतं.

आणि नेमकं तेच आता हवं होतं. यशोवर्धनला तसल्या आणखी सहा गाड्या आणून शेतावर लोकांना चिखलात फिरवायचा धंदा काढायचा होता, आणि त्यांची देखभाल सयाजीकडं. कायमची नोकरी, पत्र्याची ऐसपैस शेड, भिंतीवर टांगलेली हत्यारं. पण विमा कंपनीच्या अर्जात अकरावा रकाना होता: यंत्रज्ञाच्या कौशल्याचा लेखी पुरावा. आयटीआयचा दाखला, किंवा मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या वाहनावर काम केल्याचा दाखला. अर्ज महिनाअखेरीपर्यंत. कागद नसेल तर यशोवर्धनला के. आर. पुरमचा एक जण घ्यावा लागणार होता, ज्याच्याकडं तीन दाखले होते आणि ज्यानं गाडी बघून पहिला प्रश्न असा विचारला होता, की हिचं स्टिअरिंग कुठं काढून ठेवलंय?

दसऱ्याला सकाळी नऊ वाजता उत्तर बंगळूर मैदानी वाहनक्रीडा मंडळाची शर्यत होती. त्यात एक खुला गट होता, म्हणजे ज्यांना जगात कुठल्याच गटात जागा नाही त्यांच्यासाठी. आणि मंडळाच्या दाखल्यावर चालकाच्या नावाखाली एक ओळ छापलेली होती: यंत्रज्ञ. सयाजीनं तो नमुना बघितला आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं. पहिल्या तिघांत यायला हवं होतं, कारण दाखला फक्त तेवढ्यांनाच मिळायचा.

आदल्या दिवशी खंडेनवमी. बंगळुरात या दिवशी चाकं आणि दात असलेलं सगळं काही पुजलं जातं. सयाजीच्या घराण्यात रीत कडक होती. पाने, पकडी, हातोडे, स्क्रूड्रायव्हर सगळे धुऊन पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी आचार्यांनी येऊन कलश हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आजोबांच्या आजोबांनी एकदा लावला होता. त्यांचं काय झालं हे कुणी सांगत नसे, त्यामुळं भीती चार पिढ्या ताजी राहिली होती.

भीमाचार्य दुपारी आले, कुणाच्यातरी मोपेडवर मागं बसून. त्या दिवशी त्यांची चाळीस गॅरेजं होती आणि हे एकतिसावं. पण माणूस कसूर करणारा नव्हता. पाट झाला, मग गाडीकडं वळले. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, हँडलाला झेंडूची माळ घातली, आणि कन्नडमध्ये विचारलं, की या वाहनाचा प्राण कुठं असतो?

इथं सयाजीचं चुकलं. दुसरा कुणीही हँडलकडं नाहीतर टाकीकडं बोट दाखवून मोकळा झाला असता. पण आयुष्यात पहिल्यांदाच एका विद्वान माणसानं त्याला अचूक प्रश्न विचारला होता. त्याचा ऊर भरून आला. तो वाकला आणि त्यानं कार्बोरेटर दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण हवेची स्पंजची गाळणी धुऊन रत्नाबाईच्या लुगड्यांशेजारी दोरीवर वाळत होती आणि कार्बोरेटरचं तोंड उघडं होतं, आ वासून, प्रसाद मागितल्यासारखं. भीमाचार्यांनी मंत्र म्हणत एक चिमूट कुंकू आत टाकलं. मग प्राणच आहे म्हटल्यावर आणखी एक. मग, देवी प्रसन्न व्हावी म्हणून, मूठ.

आचार्य बत्तिसाव्या गॅरेजकडं गेले. उद्या साडेदहाला कलश हलवायला येतो म्हणाले. शर्यत नऊला.

पुढचा अर्धा तास सयाजी गॅरेजात येरझाऱ्या घालत बोलत होता. कुणाशी, हे सांगणं अवघड आहे. परीक्षकांशी, आजोबांच्या आजोबांशी, आणि थोडंसं थेट देवीशी. आठवडाभर मी केसाएवढ्या भोकासाठी डोळे फोडले, आणि तुम्ही त्यात मूठभर लाल भुकटी ओतली. बरं, मंगल भुकटी म्हणून मी काही बोलूही शकत नाही. बरं, साफ करायचं तर हत्यारं समोर आहेत, पाटावर, फुलं घालून बसलीत, माझ्याकडं बघतायत. हा कुठला न्याय? रत्नाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर आत गेली आणि एका ताटात उलथनं, सांडशी, पातळ पात्याची विळी आणि काड्यापेटी घेऊन आली.

“पाटावर बसलं ते आयुध,” ती म्हणाली. “चुलीपाशी राहिलं ते भांडं. स्वल्प गप बस आणि उघड ते.”

शास्त्रात हे कुठं लिहिलंय असं सयाजीनं विचारलं नाही. उलथन्याच्या टोकानं कार्बोरेटरचे चार स्क्रू फिरवले. सांडशीनं मोठा जेट धरून काढला. खालच्या वाटीतलं पेट्रोल डाळिंबाच्या सरबतासारखं झालं होतं. ते ओतून टाकलं, स्टोव्हच्या पिनेनं दोन्ही भोकं मोकळी केली, जोडायच्या आधी फुंकर मारली. जगातल्या कुठल्याही कारखान्यात कार्बोरेटर पोळ्यांच्या हत्यारांनी खोललेला नसेल. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली आणि असा सरळ, भरीव आवाज काढला, की रत्नाबाईनं नुसती मान हलवली. ज्योत निळी होती म्हणायची.

पण इंजिनाकडं जाणाऱ्या नळीच्या आत, जिथं उलथनं पोचत नाही, कुंकू तेलाला धरून बसलं होतं, आणि गाडी ते सावकाश, भक्तिभावानं खात होती. दसऱ्याच्या पहाटे यशोवर्धननं शेताच्या कडेनं एक चक्कर पूर्ण वेगात मारली, सयाजीनं लगेच इंजिन बंद करून सांडशीनंच प्लग काढला, आणि दोघं त्याच्याकडं बघत राहिले. काळा नव्हता. पांढरा नव्हता. बिस्किटासारखाही नव्हता. लाल होता. सौभाग्यवती लाल.

“हे गुड आहे की बॅड?” यशोवर्धननं विचारलं.

सयाजीला पहिल्यांदाच एका प्लगविषयी काही सांगता येईना. गाडी तर लोण्यासारखी पळत होती. त्यानं प्लग घासून पुसून परत लावला. दुसरा तसला प्लग अख्ख्या कर्नाटकात नव्हता.

शर्यत नऊला सुरू झाली नाही, पावणेदहाला झाली. खुल्या गटात नऊ गाड्या होत्या: छत कापलेल्या दोन जीप, चार मोटारसायकली, तीन चाकं लावलेली एक स्कूटर, एक बुटका ट्रॅक्टर आणि हे पिल्लू. यशोवर्धन गाडीवर होता. सयाजी दोराच्या कडेला डोळे मिटून उभा होता. त्याला बघायचं नव्हतं, त्याला ऐकायचं होतं. वळणावर छोटा जेट बोलायचा, हळू, घसा साफ केल्यासारखा. वळण संपताना सुई वर उचलली जायची आणि आवाजाला पोट यायचं. मग सरळ पट्ट्यावर मोठा जेट उघडायचा, त्यानं बोटांनी पाडलेलं चौथं भोक, आणि तिथं कुठं अडखळ नाही, फटाका नाही, एक सलग, धारदार गाणं दूर जात राहायचं. आठ फेऱ्या. सयाजीचे ओठ हलत होते. रत्नाबाईला वाटलं तो देवाचं नाव घेतोय. तो फेऱ्यांमागं आवाजातला फरक मोजत होता, आणि शेवटच्या फेरीतला कुत्र्यासाठीचा थांबा सोडला तर फरक नव्हता.

लोकांनी यशोवर्धनला खांद्यावर घेतलं. सयाजीला कुणी घेतलं नाही, पण एका जीपवाल्यानं येऊन विचारलं, की हिचा कार्बोरेटर कुणी केला? मी, सयाजी म्हणाला. आयुष्यात हा प्रश्न त्याला कधी कुणी विचारला नव्हता.

नंतर तपासणी. मंडळाचे सचिव नागराज हेच तांत्रिक तपासनीसही होते आणि माईकवरून गाड्या हलवायला सांगणारेही तेच. स्वच्छ पांढरा सदरा, हातात नियमांची वही, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माणूस कधी आवाज चढवत नसे. त्यांनी पहिल्या तीन गाड्यांचे प्लग काढायला लावले, आणि पिल्लाचा प्लग चिमट्यात धरून उन्हाकडं केला. पुढचं बोलणं कन्नडमध्ये झालं.

“हा लाल आहे,” नागराज म्हणाले.

“होय सर. कुंकू आहे. काल आयुधपूजा होती.”

“नियमात तीन रंग दिलेत. काळा, पांढरा, तपकिरी. अन्य रंग आढळल्यास इंधनात परके द्रव्य मिसळले असे समजावे.”

“सर, ते परकं कसं? तुमच्या कपाळावर तेच आहे.”

“माझं कपाळ शर्यतीत नव्हतं,” नागराज म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

सयाजीचं डोकं फिरलं. कुंकवानं कधी गाडी जोरात पळते का, पळत असती तर घरोघरच्या बायका हवेत उडाल्या नसत्या का, असं तो म्हणाला. कुंकू घालून तोटाच झाला, तरीही आम्ही जिंकलो, म्हणजे खरं तर सव्वीस सेकंदांत आणखी थोडे मिळवून द्यायला हवेत, असंही म्हणाला. नागराजांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणत शामियान्यात निघून गेले. मंडळ आत बसलं. बक्षीससमारंभाला आशीर्वाद द्यायला भीमाचार्य आले होते. त्यांना आत बोलावून विचारलं. कुंकू आपण घातलंत का? घातलं. ते भेसळ आहे असं लिहिलं तर चालेल का? आचार्यांनी उपरणं झटकलं आणि सांगितलं, की ज्या मैदानावर देवीच्या कुंकवाला भेसळ म्हणतात, तिथं पुढच्या वर्षी नारळ फोडायला दुसरा कुणी शोधा. मग कुंकू चालतं असं लिहावं? तेही नको, एक सदस्य म्हणाला. पुढच्या वर्षी लोक गुलाल टाकतील, भंडारा टाकतील, कुणी पेट्रोलऐवजी तीर्थ भरून येईल.

चित्रान्न खाऊन होईपर्यंत मंडळाला मार्ग सापडला. कुंकू चूक नाही, बरोबरही नाही. तर ज्या शर्यतीत हा प्रश्न उपस्थित झाला ती शर्यतच झालेली नाही. नागराजांनी माईकवरून सांगितलं, की खुल्या गटाची शर्यत सर्व नऊ वाहने अनुपस्थित राहिल्यामुळे होऊ शकली नाही, आणि निळी जीप गेटमधून बाजूला घ्यावी. ती निळी जीप दुसरी आली होती. तिचा मालक तिच्यातच बसलेला होता. आपण अनुपस्थित आहोत हे कळल्यावर तो मुकाट्यानं गाडी बाजूला घेऊन गेला.

यशोवर्धनला फारसं वाईट वाटलं नाही. मजा आली यार, म्हणाला, रेस काय, पुढच्या वर्षी परत मारू. पण सहा गाड्यांचं काय, असं सयाजीनं विचारल्यावर तो गंभीर झाला. ॲक्च्युअली इन्शुरन्सवाल्यांना काहीही चालेल, तो म्हणाला. जिंकल्याचं असं नाही. फक्त कागदावर तुझं नाव आणि गाडीचं नाव एकत्र पाहिजे, कुणाचीतरी सही पाहिजे.

मग सयाजीनं अर्ज करायला सुरुवात केली. तो कन्नडमध्ये लिहायचा आणि रत्नाबाईला मराठीत वाचून दाखवायचा. पहिल्या अर्जात त्यानं पहिल्या क्रमांकाचा दाखला मागितला. उत्तर चार दिवसांत आलं: आपण उल्लेखिलेली शर्यत झालेली नसल्याने विनंती विचारात घेता येत नाही. उत्तर वेळेवर आलं आणि शुद्ध भाषेत होतं, याचाच त्याला जास्त राग आला. दुसऱ्या अर्जात तो खाली उतरला. मला बाद ठरवा, त्यानं लिहिलं. लाल प्लगामुळे सयाजी राव यांनी जेट केलेलं वाहन बाद करण्यात आलं, एवढं द्या. नाव येईल, गाडी येईल, सही येईल. उत्तर तीन दिवसांत आलं: न झालेल्या शर्यतीतून कुणासही बाद करण्याचा अधिकार मंडळास नाही.

“बाद पण करत नाहीत होय,” रत्नाबाई म्हणाली. ती सहसा रागावत नसे. तिनं स्टोव्ह बंद केला, समोर येऊन बसली आणि तिसरा अर्ज लिही म्हणाली. महिनाअखेरीला सहा दिवस उरले होते. सयाजीनं पेन झटकलं, आणि यावेळी मंडळाचं म्हणणं पूर्णपणे मान्य करून लिहिलं.

प्रति,
माननीय सचिव,
उत्तर बंगळूर मैदानी वाहनक्रीडा मंडळ.

विषय: अनुपस्थितीतील क्रमांकाचा दाखला मिळण्याबाबत.

महोदय,

विजयादशमीस खुल्या गटाची शर्यत झाली नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. सदर न झालेल्या शर्यतीस नऊ वाहने अनुपस्थित होती, हेही मान्य आहे. तथापि सर्व वाहने सारख्याच वेगाने अनुपस्थित राहिली नाहीत, असे नम्रपणे निदर्शनास आणतो. मंडळाच्याच घड्याळाप्रमाणे एक वाहन इतरांच्या बरेच आधी अनुपस्थित झाले व आठही फेऱ्या कोठेही न अडखळता अनुपस्थित राहिले. त्याच्या कार्बोरेटरचे काम खाली सही करणाराने केले होते.

तरी अनुपस्थितांमध्ये सदर वाहनाचा पहिला क्रमांक आला, असा दाखला महिनाअखेरीपूर्वी मिळावा. पहिला देणे अडचणीचे असल्यास नववा चालेल. तोही शक्य नसल्यास मंडळाच्या छापील दाखल्यावर ‘यंत्रज्ञ’ या ओळीपुढे सयाजी राव, यशवंतपूर, एवढे लिहून उरलेला दाखला कोरा ठेवण्यात यावा, ही विनंती.